वस्ती स्वतःची मोजणी करते तेव्हा

भायखळ्याला सोफिया झुबेर रोड, डिमटिमकर रोड अशा रस्त्यांच्या फुटपाथवर 1985 च्या सुमारास शेकडो कुटुंबं राहत होती. कुंपणाच्या भिंतीला टेकवलेले बांबू, वर ताडपत्री, आत चूल, पत्र्याची पेटी आणि पाण्याचं पिंप. महापालिकेची गाडी आली की सामान उचलून गल्लीत पळायचं आणि गाडी गेली की तेच बांबू पुन्हा उभे करायचे. गाडीत भांडी गेली तर ती नव्याने घ्यायची. कित्येकांची पुढची पिढी याच फुटपाथवर जन्मली होती. तरीही शहराच्या हिशेबात ही माणसं नव्हती. झोपडपट्ट्यांसाठी जी काही धोरणं होती, त्यांत फुटपाथ येत नव्हता.

त्याआधी, 1981 च्या पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या त्यांच्या गावी पाठवण्याचा निर्णय जाहीर केला होता. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस, काही संघटना आणि खुद्द फुटपाथवर राहणारे काही जण न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 10 जुलै 1985 रोजी निकाल दिला. तो सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला होता. घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, हे या निकालाने मान्य केलं. देशभरातले कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल अभ्यासतात. पण त्याच निकालाने महापालिकेला फुटपाथ मोकळे करायची मुभाही दिली. अट इतकीच, की आधी नोटीस द्यायची आणि 31 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, थांबायचं. तत्त्व मान्य झालं, झोपडी मात्र जाणारच होती.

त्या काही महिन्यांत भायखळ्यात जे घडलं, त्यातून शहरातल्या वस्त्यांचं संघटन कसं होतं याची एक पद्धत उभी राहिली. ती समजून घेण्यासारखी आहे. तिची सुरुवात मोर्चाने झाली नाही, मोजणीने झाली.

आम्ही, अदृश्य

शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली स्थापन केलेली ‘स्पार्क’ ही संस्था तेव्हा भायखळ्यातच फुटपाथवरच्या बायकांबरोबर काम करत होती. पाडकाम होणार असेल तर नेमकं कोणाचं, किती जणांचं, ते लोक काय काम करतात, कुठून आले, या एकाही प्रश्नाचं उत्तर कोणाकडे नव्हतं. मग फुटपाथवर राहणाऱ्यांना सोबत घेऊन गणना झाली. सुमारे 6 हजार कुटुंबं आणि 27 हजार माणसं कागदावर आली. अहवालाला नाव दिलं ‘वुई, द इनव्हिजिबल’, म्हणजे ‘आम्ही, अदृश्य’.

त्या आकड्यांनी बरेच समज मोडले. हे लोक काल-परवा आलेले नव्हते, अनेक जण वर्षानुवर्षं तिथेच राहत होते. ते रिकामटेकडे नव्हते. हमाली, घरकाम, फेरी, मजुरी अशी शहराची सगळ्यांत स्वस्त कामं तेच करत होते. आणि फुटपाथवर ते हौसेने राहत नव्हते. कामाची जागा चालत गाठता येत होती, म्हणून राहत होते. रोजच्या कमाईतून रेल्वेचं किंवा बसचं भाडं काढलं, तर चुलीवर ठेवायला काही उरलं नसतं. गोरेगावला किंवा मानखुर्दला फुकट जागा दिली तरी हा माणूस परत का येतो, याचं उत्तर त्या आकड्यांत होतं.

31 ऑक्टोबर आला आणि गेला. ज्याची धास्ती होती, ते सरसकट पाडकाम झालं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की फुटपाथवरच्या बायकांच्या हातात पहिल्यांदाच स्वतःविषयीचा एक कागद आला. वॉर्ड ऑफिसात गेल्यावर ‘आमचं काहीतरी करा’ एवढंच म्हणणारी बाई आता ‘आम्ही अमुक रस्त्यावरची इतकी घरं आहोत’ असं म्हणू लागली. पहिल्या वाक्यात याचना होती, दुसऱ्या वाक्यावर बोलणी होऊ शकत होती.

जनता कॉलनीचा धडा

या मंडळींना लवकरच एक जाणता साथीदार मिळाला, जोकिन अर्पुथम. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या भागातून तरुणपणी मुंबईत आलेला हा सुतारकाम करणारा माणूस मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहत होता. तिथे कचरा उचलायला कोणी येत नसे. जोकिन यांनी वस्तीतली पोरं जमवली. प्रत्येकाने कचऱ्याचं एकेक पुडकं बांधलं आणि हजारो पोरांची ती मिरवणूक महापालिकेच्या कार्यालयासमोर जाऊन पुडकी टाकून आली. त्यानंतर कचऱ्याची गाडी येऊ लागली. गोष्ट गमतीची वाटते, पण तिच्यात हिशेब आहे. एका पोराला उचलता येईल एवढंच ओझं, आणि तशी पोरं हजारो.

पण कचऱ्याच्या गाडीने वस्ती वाचत नाही. शेजारच्या अणुसंशोधन केंद्राला ती जमीन हवी होती. जनता कॉलनीतले लोक वर्षानुवर्षं लढले. न्यायालयात गेले, दिल्लीपर्यंत गेले, मोर्चे काढले. तरी 1976 साली, आणीबाणीत, सुमारे 70 हजार लोकांची ती वस्ती पाडली गेली आणि लोकांना जवळच चिता कॅम्पमध्ये नेऊन बसवलं. जोकिन यांनी 1974 साली झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन केला होता. जनता कॉलनीच्या अनुभवातून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो पुढे आयुष्यभर सांगितला. नुसता विरोध करून वस्ती टिकत नाही. पाडू नका म्हणताना, मग काय करा, हेही आपल्याकडे तयार हवं, आणि ते आकड्यांसकट हवं.

स्पार्क, महासंघ आणि फुटपाथवरच्या बायकांची ‘महिला मिलन’ अशी तीन चाकांची गाडी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जुळून आली. जोकिन यांना 2000 साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री मिळाली आणि 2018 च्या ऑक्टोबरात ते गेले. पण त्यांची खरी मिळकत म्हणजे ही पद्धत.

मोजणी नेमकी कशी होते

सरकारी सर्वेक्षणात एक माणूस फॉर्म घेऊन येतो, प्रश्न विचारतो आणि निघून जातो. त्या फॉर्मचं पुढे काय झालं, हे वस्तीला कळत नाही. वस्ती स्वतः मोजते तेव्हा सगळं उलट्या क्रमाने होतं.

आधी वस्तीत फिरून एक कच्चा नकाशा काढतात. नळ कुठे, संडास कुठे, गटार कुठून जातं, मंदिर-मशीद कुठे, कोणती गल्ली बंद आहे. मग दारोदार खडूने नंबर टाकतात. घरात कोण कोण राहतं, किती वर्षं, काय काम करतं, भाड्याने की मालकीने, हे शेजारीच लिहून घेतात. ती यादी वस्तीतच सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. इथे खरी गंमत सुरू होते. ‘माझं नाव राहिलं’, ‘हे घर तर बंद असतं’, ‘हा इथे राहतच नाही’, अशा हरकती येतात. भांडणं होतात. दुरुस्ती करून यादी पुन्हा लावतात. वाद मिटेपर्यंत हे चालतं. शेवटी कुटुंबाचा दारासमोर फोटो निघतो आणि ओळखपत्र तयार होतं.

बाहेरचा माणूस फसू शकतो, शेजारी फसत नाही. कोणती खोली खरी आणि कोणती नुकसानभरपाईसाठी रातोरात उभी केलेली, हे गल्लीला ठाऊक असतं. म्हणून अशी यादी सरकारी यादीपेक्षा खरी निघते. आणि भांडत-भांडत यादी पुरी करणारी वस्ती एकत्र बसून निर्णय घ्यायला शिकलेली असते. पुढे घरांचं वाटप करताना, संडासाची जागा ठरवताना, वर्गणी काढताना तीच सवय कामी येते.

बचतीचे रंगीत कागद

मोजणी एकदा होते, बचत रोज. महिला मिलनच्या बायका रोज दारोदार फिरून पैसे गोळा करत. रुपया असो, दोन रुपये असोत. पैसे जमा करणाऱ्या अनेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी रंगीत कागदाचे तुकडे वापरले. प्रत्येक रकमेचा रंग वेगळा. प्रत्येक सभासदाची एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात तिने भरलेल्या रकमेचे रंगीत तुकडे. संध्याकाळी तुकडे मोजले की खातं तयार. बँकेच्या पासबुकाइतकाच चोख हिशेब.

यातून औषधपाण्याला, कामधंद्याला, रेशन भरायला कर्ज मिळू लागलं आणि सावकाराचं व्याज सुटलं. पण या रोजच्या फेरीचा आणखी एक उपयोग होता. पैसे घ्यायला येणारी बाई रोज प्रत्येक दारात उभी राहते. कोणाकडे तापाचं पोर आहे, कोणाचा नवरा मारतो, कोणाचं काम सुटलं, हे तिला त्याच दिवशी कळतं. वस्तीची खबर ठेवणारी ही यंत्रणा कोणत्याही कार्यालयाला उभी करता आली नसती. आज महाराष्ट्रात गल्लोगल्ली बचतगट आहेत. त्यांतले बरेच महिन्यातून एकदा जमतात आणि कर्जाच्या फायलीपुरते उरतात. रोजची फेरी नसेल तर बचत होते, संघटन होत नाही.

याच बायकांनी 1980 च्या दशकातच स्वतःच्या घराचा नमुना तयार केला. जागा कमी, मग घर उंच करा, 14 फूट, म्हणजे आत माळा निघेल. लाकूड आणि कापड वापरून खऱ्या मापाचं घर उभं केलं आणि लोकांना व अधिकाऱ्यांना आत बोलावून दाखवलं. कागदावरचा आराखडा बघून मान डोलावणं सोपं असतं. पण त्या घरात उभं राहिल्यावर बाई लगेच सांगते, की इथे ओटा नको, इथे पाणी तुंबेल.

रुळांवरून घरात

या पद्धतीची सगळ्यांत मोठी परीक्षा मुंबईच्या रेल्वेमार्गांवर झाली. रुळांपासून 30 फुटांच्या आत झोपड्या असल्या, की तिथून लोकल ताशी 15 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने नेऊ नये असा सुरक्षेचा दंडक होता. त्यामुळे लाखो प्रवाशांचा खोळंबा व्हायचा आणि रुळांलगतची मुलं रोज मरणाच्या शेजारी खेळायची. सरकार, रेल्वे आणि स्पार्क यांनी 1988 च्या सुमारास मिळून गणना केली, तेव्हा रुळांलगत सुमारे 18 हजार कुटुंबं निघाली.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी परिवहन प्रकल्प आला आणि या लोकांच्या पुनर्वसनाचं धोरण 1997 साली ठरलं. प्रत्येक पात्र कुटुंबाला 225 चौरस फुटांचं घर मोफत. याद्या लोकांनीच पूर्वी केलेल्या होत्या. एकेका गल्लीतल्या कुटुंबांचे गट करून त्यांच्या गृहनिर्माण सोसायट्या तयार झाल्या, म्हणजे नव्या जागेत शेजार तोच राहील. फेब्रुवारी 2000 मध्ये रेल्वेने मध्येच सुमारे 2 हजार झोपड्या पाडल्या, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि पाडकाम थांबलं. त्यानंतरच्या काळात सुमारे 60 हजार लोकांनी रुळांलगतची जागा सोडली. पोलिसांच्या लाठ्यांविना इतकी माणसं हलणं मुंबईच्या इतिहासात फार दुर्मीळ आहे.

संडास म्हणजे सभागृह

संडासाच्या प्रश्नाला आपण नाक मुरडतो. पण वस्तीतल्या बाईला विचारा. पहाटे अंधारात उठणं, रांग, पाणी नाही, कडी तुटलेली. दिवसभर पाणी कमी प्यायचं, म्हणजे जावं लागणार नाही. महापालिका ठेकेदाराकडून संडास बांधून घेई आणि वर्ष-दोन वर्षांत तो निकामी होई. कारण उघड होतं. पाण्याची टाकी नाही, मलवाहिनीला जोडणी नाही, आणि साफसफाई कोणाची हे ठरलेलं नाही.

पुण्यात 1999 साली आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वेगळा मार्ग धरला. संडास बांधायचे आणि चालवायचेही, या अटीवर त्यांनी स्वयंसेवी संस्थांकडून निविदा मागवल्या. बांधकामाचा खर्च, पाणी आणि वीज महापालिकेची, देखभाल वस्तीची. 1999 ते 2001 या काळात शहरात 400 हून अधिक शौचालयं उभी राहिली, 10 हजारांवर आसनं तयार झाली. त्यांतली 114 शौचालयं स्पार्क, महासंघ आणि महिला मिलन यांनी बांधली. काही ठिकाणी वस्तीतल्या बायकांनीच ठेका घेतला. सिमेंट किती, गवंडी किती, विटांचा भाव काय, हे त्या शिकल्या.

आराखड्यात त्यांचा अनुभव उतरला. बायकांची आणि पुरुषांची रांग वेगळी, कारण एकाच रांगेत धक्काबुक्की होते. लहान मुलांसाठी वेगळे, छोटे संडास, धरायला दांडी, म्हणजे पोर आत पडणार नाही. रांगेत मोठी माणसं पोरांना मागे ढकलतात, म्हणून ती बाहेर उघड्यावर बसतात, हे आयांनाच ठाऊक होतं. पाण्याची मोठी टाकी. राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली, कारण जिथे माणूस राहतो ती जागा स्वच्छ राहते. दर वेळी पैसे देण्याऐवजी कुटुंबाला महिन्याचा पास, सुमारे 20 रुपयांचा. काही ठिकाणी वरच्या मजल्यावर बैठकीची खोलीही निघाली. नवा संडास तयार झाला की ‘संडास मेळा’ भरायचा, मिठाई वाटायची, शेजारच्या वस्त्या बघायला यायच्या. 2001 साली असाच एक नमुना न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत उभा केला होता आणि सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो पाहिला.

जिथे ही पद्धत कमी पडली

हे सगळं सुरळीत झालं असं म्हणणं म्हणजे त्याच लोकांवर अन्याय होईल. मुंबईच्या परिवहन प्रकल्पात रस्त्यांमुळे विस्थापित होणाऱ्यांची संख्या धरली, तेव्हा सुरुवातीचा सुमारे 80 हजार लोकांचा अंदाज पुढे 1 लाख 20 हजारांच्या घरात गेला. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावरच्या दुकानदारांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. आपल्याला विचारलंच नाही, आणि मिळणाऱ्या जागेत धंदा चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बँकेने मार्च 2006 मध्ये या कामाचे पैसे काही महिने रोखले. ज्यांची गणना त्यांच्या सहभागाने झाली होती ते हलले, ज्यांची झाली नव्हती ते अडून बसले. मोजणीचं महत्त्व या अपयशातूनही कळतं.

नव्या इमारतींचीही गोष्ट तशीच. मानखुर्दचं लल्लुभाई कंपाऊंड, चेंबूरजवळचा वाशी नाका अशा ठिकाणी इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या, की खालच्या मजल्यांवर उजेड येत नाही, वारा येत नाही. लिफ्ट बंद पडली तर दुरुस्तीचा खर्च झेपत नाही. जुन्या जागेजवळ घरकाम करणाऱ्या कित्येक बायकांची कामं सुटली. घर मिळालं, पण इमारत कशी असावी हे ठरवताना बाईला विचारलं गेलं नाही. तिच्या 14 फुटांच्या नमुन्याची तेव्हा कोणाला आठवण झाली नाही.

सामूहिक संडासांचंही वय झालं. काही ठिकाणी ते स्थानिक दादांच्या हाती गेले आणि पासाच्या पैशांचा हिशेब राहिला नाही. म्हणून आता घरात संडास हवा, ही मागणी रास्तच आहे. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या प्रतिमा जोशी यांच्या संस्थेने पुणे, सांगली आणि इतर शहरांत वस्त्यांचे घरागणिक नकाशे तयार केले. मलवाहिनी कुठे आहे आणि कोणत्या घरात संडास नाही, हे नकाशावर दिसलं, की ‘एक घर, एक शौचालय’ शक्य होतं. साहित्य दारात पोचवायचं, बांधकाम कुटुंबाने करायचं. साधनं बदलली, खडूच्या जागी उपग्रहाचं चित्र आलं, पण पहिलं पाऊल मोजणीचंच राहिलं.

गावाला ग्रामसभा आहे, गल्लीला काय?

आपल्या खेड्यातला माणूस ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. शहरातल्या माणसाला अशी जागा नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने 3 लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. पण मुंबईत एकेका समितीखाली लाखो लोक येतात. महाराष्ट्राने 2009 साली क्षेत्रसभांचा कायदाही केला, पण त्या सभा बहुतेक कागदावरच राहिल्या. पुण्यात 2006 पासून नागरिकांना आपल्या प्रभागासाठी अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. ही चांगली सोय आहे, पण ती वापरायला आधी गल्लीत एकमत हवं.

ते एकमत फुटपाथवरच्या बायकांनी जमवलं, तेव्हा त्यांच्याकडे ना जमीन होती, ना पत्ता. सोसायटीत किंवा चाळीत राहणाऱ्या माणसाकडे त्याहून कितीतरी जास्त आहे. तरी त्याला आपल्या रस्त्यावर किती दिवे बंद आहेत, किती घरांना पाणी कमी दाबाने येतं, किती म्हातारी माणसं एकटी राहतात, हे सांगता येत नाही. तक्रार प्रत्येक जण करतो, पण एकट्याने. एका रविवारी चार शेजाऱ्यांनी वही घेऊन गल्लीत फेरी मारली, तर पहिली यादी तयार होईल. ती जिन्याखाली सगळ्यांना दिसेल अशी लावावी आणि हरकतींची वाट पाहावी. कोणीतरी येऊन म्हणेल, ‘हे चुकलंय, आमच्या दारातला दिवा तर तीन महिने बंद आहे.’ त्या माणसाच्या हातात लगेच पेन द्यावं आणि पुढच्या रविवारच्या फेरीला त्याला सोबत घ्यावं.